तोंड दाखवायची लाज

दाताच्या डॉक्टरकडे आलेला माणूस तोंड उघडण्याआधी माफी मागतो. "मॅडम, लक्षच नाही दिलं हो..." "मॅडम, तुम्ही रागवाल आता..." कचेरीतला साहेब असो की भाजीवाली मावशी, खुर्चीत बसलं की सगळ्यांचा चेहरा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा होतो. वर्ध्यात माझं लहान मुलांच्या दातांचं छोटं क्लिनिक आहे. तेव्हा माझ्याकडे लाजेचे किस्से साठणारच!

पण आज सांगते आहे ते क्लिनिकमधले नाहीत. दर गुरुवारी सकाळी मी गावाबाहेरच्या एका मोठ्या दवाखान्यात जाते. तिथे कॅन्सर झालेल्या मुलांचा वॉर्ड आहे. केमो सुरू झाली की यातल्या बऱ्याच मुलांचं तोंड आतून सोलवटून निघतं. फोड येतात, हिरड्यांतून रक्त येतं, चव जाते. अंगात जंतूंशी लढायची ताकद उरलेली नसते, त्यामुळे एखादा किडका दातसुद्धा जिवावर बेतू शकतो. म्हणून नेमानं तोंड बघणारं कोणीतरी लागतं. ते काम माझ्याकडे आहे.

घरी जेवताना मी तिथले किस्से सांगते. नवरा हसतो, मग हसता हसता थांबतो. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तुझ्या प्रत्येक किस्स्यात शेवटी कोणीतरी मान खाली का घालतं गं?"

मी भाजी वाढत राहिले. बहुतेक वेळा ती मान माझीच असते, हे पोरीला कसं सांगणार?

*

सुरुवात पहिल्याच गुरुवारी झाली. मी फुल तयारीनिशी गेले होते. खरबुजाएवढा प्लास्टिकचा जबडा, हातभर लांब ब्रश, रंगीत तक्ता. शाळाशाळांतून हा माझा प्रोग्रॅम सुपरहिट होता!

मुलं आपापल्या पलंगावर बसून बघत होती. मी वरचे दात घासून दाखवले, खालचे दाखवले, मागच्या दाढा दाखवल्या. एक गाणंही म्हटलं. मग शाळेत विचारते तसं जोरात विचारलं, "मग मुलांनो, ब्रश केव्हा करायचा?"

शाळेत याचं उत्तर अख्खा वर्ग ओरडून देतो. इथे कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, लाजतात. म्हणून मीच उत्तर दिलं, "जेवण झाल्यावर! काहीही खाल्लं की लगेच!"

कोपऱ्यातल्या पलंगावर नाचणगावचा अंशुल होता. सात वर्षांचा, डोक्यावर एक केस नाही, ओठ फुटलेले. तो ओठ फारसे न हलवता म्हणाला, "मॅडम, आम्ही तं खाऊनच नाई राह्यलो. मंग ब्रश केव्हा करू?"

वॉर्डच्या इन्चार्ज माया सिस्टर एकदम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हसत होत्या की काय, मला दिसलं नाही. मी घाईघाईनं जबडा पिशवीत कोंबायला लागले, तर तो मिटेचना! तसाच आ वासलेला जबडा काखेत घेऊन मी जिना उतरले. खाली ओपीडीतली माणसं माझ्याकडे बघत होती.

पुढच्या गुरुवारी मी जबडा नेला नाही. मऊ गॉज नेलं, बाळांचे मऊ ब्रश नेले, आणि मीठ-सोड्याचं कोमट पाणी कसं करायचं ते माया सिस्टरना मुलांच्या आयांना सांगायला लावलं. गाणंबिणं काही नाही.

*

तळेगावची समीक्षा मात्र तोंडच उघडेना. आष्टी तालुक्यातलं ते तळेगाव, श्यामजी पंतांचं. नऊ वर्षांची पोरगी, डोळे टपोरे, ओठ कुलूप लावल्यासारखे घट्ट. तिची आई वंदनाताई शेजारी उभी राहून विनवत होती, "उघड ना माय, मॅडम फक्त पाहतात."

मी गोड बोलले. गोष्ट सांगितली. टॉर्च तिच्या हातात दिला. काही उपयोग नाही. शेवटी ती ओठांच्या फटीतून म्हणाली, "पह्यले तुमचे दाखवा."

वॉर्डात मास्क काढायचा नसतो. मी लांब खिडकीपाशी गेले आणि मास्क क्षणभर खाली ओढला.

आता सांगायलाच हवं. माझा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला आहे. लहानपणापासून. लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत दात दाखवून हसलेली नाही. कॉलेजात सरांनी तार लावायचा सल्ला दिला होता, तेव्हा "नंतर लावते" म्हणाले, ते राहिलंच. मास्क लावायचा धंदा मिळाला, याचं मला मनातून फार बरं वाटतं.

समीक्षानं नीट निरखून बघितलं. "दातावर दात चढला हाये."

"हो."

"तुम्ही दाताच्याच डॉक्टर हाये ना?"

"हो."

"मंग?"

मी मास्क वर केला. कान तापले होते. माझी ती अवस्था बघून तिला दया आली असावी. तिनं आपणहून आ केला आणि तशाच उघड्या तोंडानं म्हणाली, "घ्या पाहून. माहंबी काही चांगलं नाई."

*

अंशुलचे बाबा राजूभाऊ पुलगावात ऑटो चालवायचे. पोरगा अॅडमिट झाल्यापासून ऑटो भावाच्या हवाली करून ते इथेच मुक्कामाला. एका गुरुवारी दुपारी लिफ्ट बंद होती म्हणून मी जिन्यानं उतरत होते, तर मधल्या वळणावर राजूभाऊ भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसलेले. मला बघून त्यांनी काहीतरी पटकन गळ्यातल्या दुपट्ट्याखाली ढकललं.

"राजूभाऊ, इथे काय करताय?"

"काही नाई मॅडम. डबा धुवून राह्यलो."

तोंड भरलेलं होतं. हनुवटीला हिरवा ठेचा लागलेला. जिन्यात नळ नव्हता.

त्यांनी घास गिळला आणि फरशीकडे बघत म्हणाले, "पोट्टं तिकडं पाण्याचा घोट नाई घेऊ शकत, अन् मले भूक लागते मॅडम. दोन्ही टाइम लागते. शरम वाटते."

मी म्हटलं, जेवायला तर हवंच, तुम्ही उभे राहिलात तरच तो उभा राहील, वगैरे वगैरे. ते मान हलवत राहिले, पण मी समोर असेपर्यंत दुसरा घास काही त्यांनी घेतला नाही. शेवटी मीच निघून गेले.

काही दिवसांनी अंशुलचे फोड जरा बसले. पातळ वरण जायला लागलं, आवाज फुटला. मी तपासत असताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, बाबाले सांगा ना, इथंच बसून जेवत जा म्हणा. जिन्यात काऊन जातात? खाता नाई आलं तं काय झालं, मले वास तं येऊ द्या!"

राजूभाऊंच्या हातातला पेला तसाच राहिला. "तुले कोणं सांगतलं बे?"

"कोण कायले सांगन? तुमच्या हाताले लसणाचा वास येते. मी तुमचा हात घेऊनच झोपतो ना."

*

पुलगावची तनू सहा वर्षांची होती. तिच्या बाबांचं, प्रकाशभाऊंचं, किराणा दुकान. एका गुरुवारी मी गेले तर ती दोन्ही हातांनी जबडा धरून रडत होती. "दाढ दुखते, दाढ दुखते!"

मी सगळे दात बघितले. एका जुन्या सिमेंट भरलेल्या दाढेशिवाय काही दिसेना. पण एवढं दुखतंय म्हणजे कुठेतरी कीड असणारच. मी प्रकाशभाऊंकडे वळले. "दुकानात बरणीत गोळ्या असतील ना? हिला देता?"

प्रकाशभाऊंनी मान खाली घातली. "देतो मॅडम. कधीमधी. हट्ट करते."

मग काय! मी सुरू झाले. केमोच्या काळात गोड किती वाईट, दात किडला तर काय होऊ शकतं, बापानं कसं कडक असायला हवं. अख्खा वॉर्ड ऐकत होता. प्रकाशभाऊंनी तिथल्या तिथे झडती सुरू केली. उशीखाली बघितलं, फ्रॉकचे खिसे उलटे केले, चपलासुद्धा झटकल्या. तनू किंचाळत होती, "म्या नाई खाल्लं! बाबा, म्या नाई खाल्लं!"

मी एक्स-रे काढायची परवानगी घ्यायला कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "जबडा दुखतोय ना? परवा तिला केमोचं ते इंजेक्शन दिलंय. त्यानं जबडा दुखतो. दोन-चार दिवसांत थांबेल, मी औषध लिहून देतो. दाताचं काही नाही ते."

मी फोन ठेवला. हे मी वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं, मार्कही मिळाले होते.

वॉर्डात सगळ्यांसमोर बोलले होते, तेव्हा सगळ्यांसमोरच सांगणं भाग होतं. "तनूनं काही खाल्लेलं नाही. प्रकाशभाऊंचीही काही चूक नाही. इंजेक्शननं दुखतंय. मी उगाच बोलले."

तनूनं गालावरचा हात न काढता सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"मंग दोघंबी कान धरा."

आम्ही दोघांनी कान धरले.

"मॅडम, तुम्ही जोरात धरा!"

तनू आता नाही. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर गेली. पुलगावच्या बाजारात कधी प्रकाशभाऊ दिसतात. नमस्कार करायच्या आधी त्यांचा हात कानाकडे जातो. माझाही.

*

कपाशीच्या लागवडीच्या दिवसांत राजूभाऊ घरच्या तुकडाभर शेतावर गेले आणि अंशुलजवळ त्याचे आबा येऊन राहिले. आबा म्हणजे अगदी मितभाषी माणूस! मी काही विचारलं की "हूं". काही सांगितलं की "हूं हूं". मला वाटलं, काय सोज्वळ म्हातारा आहे.

मी अंशुलला गुळण्यांचं समजावत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, आबाचंबी तोंड पाहा ना."

आबांनी जोरजोरात हात हलवले. "हूं हूं हूं!"

"आबा, लाजता काऊन? मी रोज दाखवतो तं! आ करा!"

मग काय, पलंगापलंगावरून कोरस सुरू झाला. "आबा, आ करा! आबा, आ करा!" आबा उठले, बेसिनवर गेले, बराच वेळ थुंकले, चूळ भरली आणि गुन्हेगारासारखे परत आले. तेव्हा कळलं, बोलत का नव्हते ते. गालात सकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा!

आबांनी तोंड उघडलं. उघडलं म्हणजे काय, जेमतेम दोन बोटं जातील एवढंच. त्यापुढे जबडा हलेना. वर्षानुवर्षं खर्रा खाल्ला की गालाची कातडी आतून आवळत जाते.

अंशुल खूश! त्यानं आपले फोडवाले ओठ ताणून भलामोठा आ करून दाखवला. "आबा, तुमचं तं माह्यापेक्षाबी कमी उघडते!"

सगळा वॉर्ड हसला. आबाही हसले. मग हसू विरलं आणि त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, हे असं कवापासून झालं असन वो?"

मी त्यांना त्याच दिवशी खालच्या ओपीडीत दाखवून आणलं. खर्ऱ्याची पुडी माया सिस्टरनं जप्त केली. त्यानंतर आजा-नातू बेसिनवर शेजारी शेजारी उभे राहून मीठ-सोड्याच्या गुळण्या करायचे, आणि अंशुलचा आवाज कॉरिडॉरपर्यंत यायचा, "आबा, गिळू नका! थुका!"

*

हा पुढचा किस्सा माझ्यासमोर घडलेला नाही. माया सिस्टरनं सांगितलेला आहे. पण त्याची सुरुवात मी बघितली होती.

समीक्षाचं तोंड दुसऱ्या केमोनंतर फारच बिघडलं. जिभेवर पांढरा थर, हिरड्या सुजलेल्या, त्यामुळे तोंडाला वास यायचा. त्याला इलाज सुरू होता, पण वेळ लागतो. एका गुरुवारी मी गेले तर पोरगी ओठ मिटून नुसती थरथरत होती. पलंगाखाली दुकानातली तिखट माउथवॉशची बाटली सापडली. जाहिरातीत दाखवतात तसली, निळी. सोलवटलेल्या तोंडात ती म्हणजे जखमेवर तिखटच.

वंदनाताई रडायला लागल्या. "उद्या आमच्याकडचे पाहुणे येऊन राह्यले मॅडम. मागच्या टायमाले आले तं म्हणत होते, पोरीजवळ बसवत नाई. मले वाटलं, जराक चांगला वास येईन."

मी बाटली घेऊन गेले. रागवले नाही. तनूच्या वेळेपासून मी वॉर्डात आवाज चढवत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. समीक्षाची आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. पलंगाजवळ आली, वाकली आणि चटकन पदर नाकाला लावला. वंदनाताईंनी मान खाली घातली. समीक्षा आत्याकडे बघत राहिली. मग एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "आत्या, पदर बाजूले घे. डांबराच्या गोळ्यांचा लय वास येऊन राह्यला."

माया सिस्टर सांगत होत्या, "मॅडम, ती बाई दोन तास बसली, पण पदराचं टोक मुठीत घट्ट धरून!"

*

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. समीक्षाची मोठी ट्रीटमेंट संपली होती. आता घरी गोळ्या आणि मधूनमधून तपासणी. केस आले होते, कुरळे, आधी नव्हते तसे. एका दुपारी मायलेकी तळेगावहून बसनं थेट माझ्या क्लिनिकवर आल्या. क्लिनिक रिकामं होतं. मी आनंदानं म्हटलं, "ये गं, बस खुर्चीत. बघू तुझे दात."

समीक्षा म्हणाली, "मी नाई. आई."

"काही नाई मॅडम," वंदनाताई घाईनं म्हणाल्या, "हे पोट्टी उगाच घेऊन आली. आम्ही इकडं कापड घ्यायले आलतो."

"खोटं सांगून राह्यली. ते एकाच बाजूनं जेवते. गाल धरून बसते. पाणी पेलं की डोळे मिटते."

आता माझं लक्ष गेलं. त्यांचा उजवा गाल खालून सुजलेला होता.

"कधीपासून दुखतंय वंदनाताई?"

समीक्षानं कोपर टोचलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिची सुई सुरू झाली, त्याच्याही पह्यलेपासून."

म्हणजे तो सगळा काळ. दर गुरुवारी मी समीक्षाचं तोंड बघायची तेव्हा टॉर्च वंदनाताई धरायच्या. माझ्या खांद्याशी खांदा लावून.

"अहो, मग मला का नाही सांगितलं? मी समोरच तर होते!"

त्यांनी पदर गालाला लावला. "हिच्या तोंडापुढं माह्या दाताचं काय सांगू मॅडम? लाज वाटे."

मी खुर्ची खाली केली. त्या बसायला तयार नव्हत्या, समीक्षानं हात धरून बसवलं. मग स्टूल ओढून ती आईच्या जवळ बसली आणि एखाद्या मोठ्या बाईसारखी समजावायला लागली.

"भेऊ नको. मॅडम पह्यले सांगतात, मंग करतात. आ मोठा करजो. अन् दुखलं ना, तं बोलू नको, फक्त हात वर कर. हात वर केला की मॅडम थांबतात. थांबतात ना मॅडम?"

"थांबते," मी म्हटलं.

वंदनाताईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी दिवा लावला. हात धुतले, ग्लोव्हज घातले, ट्रे जवळ ओढला आणि आरसा उचलून वळले.

वंदनाताईंचा हात वर होता.

"वंदनाताई, मी अजून काहीच केलं नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. तोंड तसंच उघडं, हात तसाच वर. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल. मी पुढे वाकले.

समीक्षानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा मॅडम. हात वर हाये."